सव्वापाचचा क्लास

शाळा चांगली की वाईट, हे हरणवाडीत सगळ्यांना कळायचं. पारावर बसणाऱ्याला कळायचं, डेअरीवर दूध घालणाऱ्याला कळायचं, आणि ज्याचं एकही लेकरू शाळेत नाही त्याला तर सगळ्यात जास्त कळायचं. कळत नव्हतं ते फक्त शिवकन्या बिरादार बाईंना, आणि त्या तिथे एकवीस वर्षं शिकवत होत्या.

बाई लातूरहून अपडाऊन करायच्या. सकाळी एसटीनं औशापर्यंत, तिथून काळीपिवळी जीपमध्ये पाचव्या सीटवर सातवं माणूस होऊन हरणवाडीच्या फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून पायी. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की दुसरीच्या वर्गात बोलल्या तर बाहेरच्या हापशावरच्या बायका गप्प व्हायच्या. राग नाकाच्या शेंड्यावर. पण तो राग लेकरांवर सहसा निघत नसे. तो निघायचा मोठ्या माणसांवर, आणि मोठी माणसं काही केल्या शिकत नसल्यामुळे तो कधी संपायचाही नाही.

पहिल्यांदा त्या चिडल्या त्या इमारतीवरून. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा त्यांच्या नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. किल्लारी तिथून लांब, तरी हरणवाडीतली चाळीसेक घरं आणि दगडमातीची शाळा बसली. पहाटेची वेळ होती म्हणून शाळेत लेकरं नव्हती. पुढची दोन वर्षं शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की बाई ओलं पोतं डोक्यावर घेऊन शिकवायच्या. घर पडलेली, कुणाची माय गेलेली, रात्री दचकून उठणारी लेकरं त्या शेडमध्ये बसून वाचायला शिकली, आणि अशी शिकली की बाईंना पुढं कधी तेवढं समाधान मिळालं नाही. त्या दोन वर्षांत शाळेबद्दल कुणी चकार शब्द चांगला बोललं नाही. "पत्र्याची शाळा," एवढंच म्हणायचे.

मग कुठल्याशा संस्थेनं सिमेंटची पक्की इमारत बांधून दिली. पिवळा रंग, निळी दारं, वर संस्थेचं नाव. झालं! गावाला एका दिवसात शाळा चांगली वाटायला लागली. पाहुणे आले की त्यांना शाळा दाखवायला आणायचे. पाहुणे भिंतीवर थाप मारून बघायचे, छताकडे बघायचे, आणि म्हणायचे, "शाळा लई भारी झाली बगा." वर्गात चाळीस लेकरं बसलेली असायची. त्यांच्याकडे बघून एकही माणूस काही विचारायचा नाही. एकदा बाईंच्यानं राहवलं नाही. भिंतीवर थाप मारणाऱ्या एका पाहुण्याला त्या म्हणाल्या, "दादा, भिंत पास झाली. आता एखाद्या पोराला पण काही विचारून बघा की." पाहुणा हसला आणि चहा प्यायला निघून गेला.

त्यानंतरची वर्षं साहेबांची. दर वर्षी कुणीतरी साहेब यायचे आणि शाळेला श्रेणी द्यायचे. तपासणीचा छापील तक्ता असायचा. परसबाग आहे का, हात धुवायला साबण आहे का, तक्ते टांगले आहेत का, नोंदवह्या पुऱ्या आहेत का. एक साहेब असे निघाले की त्यांनी वहीतल्या समासाची पट्टीनं रुंदी मोजली. बाई बाजूला उभ्या राहून मनातल्या मनात दातओठ खात होत्या. त्या वर्षी शाळेला 'अ' मिळाला. पुढच्या वर्षी तीच लेकरं, त्याच बाई, पण परसबागेतली मेथी बकरीनं खाल्ली म्हणून 'ब' आला. बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग बकरीला खिचडी द्यायची ना." बाई त्याच्याशी रात्रभर बोलल्या नाहीत.

बाईंची स्वतःची एक पद्धत होती शाळा तपासायची. भजी बांधून आलेला, शेंगदाणे बांधून आलेला कुठलाही छापील कागद त्या पर्समध्ये जपून ठेवायच्या. जून संपताना तिसरीच्या लेकराला तो तेलकट तुकडा द्यायच्या आणि म्हणायच्या, "मनात वाच. आता यात काय लिहिलंय ते मला सांग." पाठ्यपुस्तक पाठ होतं, भज्याचा कागद पाठ नसतो. लेकरू सांगायचं, "बाई, कुण्या गावात ट्रक पलटी झाला, अन् लोकांनी टमाटे पळिवले." की बाई खूश. त्यांच्या शाळेत तिसरीत गेलेलं एकही लेकरू असं नव्हतं की ज्याला भज्याचा कागद वाचता यायचा नाही. पहिलीच्या वर्गाला रोज सलग दोन तास वाचनाचे दिले की हे जमतं, त्यात काही जादू नाही. पण ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात बसत नव्हती आणि गावात कुणी विचारत नव्हतं.

दोन हजार बाराच्या जूनमध्ये गावात पहिली पिवळी व्हॅन आली. औशाच्या एका नव्या इंग्लिश स्कूलची. टाय, बूट, गळ्यात ओळखपत्र. व्हॅन फाट्यावर हॉर्न वाजवायची आणि सबंध गाव दारात येऊन बघायचं.

तेव्हा शाळेचा पट होता त्रेसष्ट. आता हा पट म्हणजे हजेरीवरच्या लेकरांचा आकडा, आणि तो दर वर्षी तीस सप्टेंबरला मोजला जातो. भूकंपही तीस सप्टेंबरचाच. ही तारीखच हरणवाडीच्या शाळेच्या राशीला बसलेली. साठाच्या वर पट असला तर तीन शिक्षक. साठ किंवा त्याखाली गेला की दोन. शाळेचा कारभार बाईंकडे, दुसरे एक निवृत्तीला टेकलेले गुरुजी, आणि तिसरे अनस सर, उदगीरचे, तरुण, गणित असं शिकवायचे की लेकरं सुट्टीतसुद्धा फरशीवर खडूनं भागाकार करत बसायची. सर गेले तर दोन माणसांनी चार वर्ग सांभाळायचे. म्हणजे एका वेळी दोन वर्ग एकट्या बाईंपुढे. म्हणजे पहिलीचे ते वाचनाचे दोन तास गेले. आणि ते गेले की शाळेत उरतं काय, तर पिवळ्या भिंती. बाईंना हे अगदी लख्ख दिसत होतं, म्हणूनच झोप येत नव्हती.

व्हॅनचं पहिलं नाव निघालं किशनरावांच्या नातीचं. किशनराव गावातले मोठे शेतकरी, शाळेच्या समितीवर पंधरा वर्षं बसलेले. त्यांची ऋतुजा पहिली पास होऊन दुसरीत गेली होती. ते गेले की त्यांच्या मागून निम्मी आळी जाणार हे उघड होतं. बाई दुपारच्या सुट्टीत थेट त्यांच्या घरी गेल्या.

"काका, समितीवर तुम्ही, अन् तुमचीच नात बाहेर? लोकांनी काय समजायचं?"

किशनराव शांत माणूस. त्यांनी पाणी पाजलं, मग म्हणाले, "बाई, तुमच्यावर राग न्हाई. पण एक सांगा, तुमच्या शाळेतलं एक तरी लेकरू क्लासला जातंय का?"

"नाही. कशाला जाईल? सगळं शाळेतच होतं."

"तेच म्हणायलो मी. लातूरला बघा. ज्या शाळेत खरा अभ्यास हाय, तिथली लेकरं सकाळी क्लास, संध्याकाळी क्लास, रातच्याला टेस्ट. अन् आपली लेकरं पाच वाजले की गोट्या खेळायलेत. अभ्यास हाय कुठं मग?"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे लेकरांना शिकवणी लागत नाही, हाच शाळेचा दोष! चांगलं शिकवल्याची ही शिक्षा त्यांनी स्वप्नातसुद्धा पाहिली नव्हती. त्या घडाघडा बोलायला लागल्या. ऋतुजा वर्तमानपत्र वाचते, आडवी बेरीज करते, त्या व्हॅनमधल्या एका पोराला तरी स्वतःचं नाव लिहिता येतं का बघा. बोलता बोलता आवाज चढला.

किशनरावांच्या बायको केवळाबाई उंबऱ्यात बसून तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, तुमचा आदिनाथ कोण्या शाळेत होता हो?"

आदिनाथ बाईंचा मुलगा. तो लातूरच्या खाजगी शाळेत शिकला होता आणि आता बारावी सायन्सला होता, दोन-दोन क्लास लावून. बाईंना उत्तर देता आलं असतं. घर लातूरला, नवऱ्याची नोकरी लातूरला, लहान पोराला रोज जीपमध्ये कोंबून आणायचं कसं, अशी सगळी कारणं होती आणि सगळी खरी होती. पण लातुरात त्यांच्या घरापासून चार मिनिटांवर नगरपालिकेची शाळा होती, आणि तिच्यात पोराला घालावं असं त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. तिथे आत जाऊन त्यांनी कधी भज्याचा कागद वाचून घेतला नव्हता. बाहेरून बघूनच त्यांनी ती शाळा नापास केली होती. बाईंना शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून आणखी राग आला.

"लातूरला होता," त्या म्हणाल्या.

"मग," केवळाबाई म्हणाल्या, आणि तूर निवडत राहिल्या. त्यांनी ते टोचून विचारलं नव्हतं. खरंच माहिती हवी होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळेत जाहीर केलं की सव्वापाच ते सव्वासहा जादा वर्ग. फी नाही; सरकारी मास्तराला खाजगी शिकवणी घेता येत नाही आणि बाईंना घ्यायचीही नव्हती. अट एकच, नाव आपल्या हजेरीवर पाहिजे. पहिल्या दिवशी आली तीन लेकरं. दुसऱ्या दिवशी दोन, त्यातलं एक पाऊस आला म्हणून अडकलेलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सरजाबाई हे बघत होत्या. त्यांची लेक लातूरला एका मोठ्या क्लासच्या होस्टेलवर पोळ्या लाटायची, त्यामुळे त्या धंद्याची आतली माहिती त्यांना बाईंपेक्षा जास्त होती. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "बाई, असं दार उघडं टाकून कोण येतंय? तिकडं आधी परीक्षा घेतेत. निम्म्याला न्हाई म्हणतेत. मग माय-बाप पाया पडायला येतेत. तुम्ही न्हाई म्हणायला शिका."

"सरजाबाई, मी जिल्हा परिषदेची बाई आहे. लेकराला शिकवायला नाही म्हणू?"

"आठ दिस म्हणा. मग घ्या की."

बाई फणकारल्या. दोन दिवस फणकारूनच राहिल्या. तिसऱ्या दिवशी हजेरीवर त्रेसष्ट हा आकडा बघितला आणि अनस सरांना बोलावलं.

सरांना हे भलतंच आवडलं. त्यांनी लातूरसारखीच उत्तरपत्रिका तयार केली, प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल, बरोबर असेल तो काळा करायचा. शाळेच्या दारावर कागद लावला: 'प्रवेशपूर्व चाळणी परीक्षा. जागा मर्यादित.' जागा मर्यादित हे वाचून बाई म्हणाल्या, "सर, आपल्याकडे तीन खोल्या रिकाम्या आहेत." सर म्हणाले, "मॅडम, वो किसी को मालूम नहीं होना."

रविवारी परीक्षा झाली. आयुष्यात कधी शाळेच्या पालकसभेला न आलेले बाप त्या दिवशी फाटकाबाहेर उन्हात ताटकळत उभे होते. दुसरीतली लेकरं जीभ बाहेर काढून गोल काळे करत होती. एकानं चारही गोल काळे केले. सर म्हणाले, याचा आत्मविश्वास चांगला आहे. सोमवारी यादी लागली. बेचाळीस पास, अकरा वेटिंगवर. वेटिंग हा शब्द बाईंनी स्वतः लिहिला आणि लिहिताना स्वतःला शिव्या घातल्या. संध्याकाळपर्यंत सरपंचाचा फोन आला, डेअरीच्या चेअरमनचा आला, आणि ज्या माणसानं वीस वर्षांत बाईंना कधी नमस्कार केला नव्हता तो फाट्यापर्यंत मागे मागे आला. "बाई, पोराला चान्स द्या. हुशार हाय, पण परीक्षेला घाबरलं." आठवड्यानं अकराही आत घेतले.

शिकवायचे काय? तेच. भज्याचे कागद, फरशीवरचा भागाकार. सकाळी जे शाळेत असायचं तेच संध्याकाळी. पण सकाळी त्याला शाळा म्हणायचे आणि संध्याकाळी क्लास, आणि या दोन शब्दांत हरणवाडीच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक होता. बाप पारावर सांगायला लागले, "आमचं क्लासला हाय." किशनरावांनी ऋतुजाला थांबवून घेतलं. शेजारच्या तांड्यावरून सहा लेकरं नव्यानं दाखल झाली. त्या सप्टेंबरला पट एकोणसत्तर भरला. अनस सरांनी पेढे वाटले, आणि बाईंना वाटलं, चला, खोट्या मार्गानं का होईना, शाळा वाचली.

त्यांचं इथंच चुकलं. वाचला होता तो क्लास.

पुढच्या वर्षी चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला आणि हरणवाडीची चार लेकरं यादीत आली. आजवर कधी एकही आलं नव्हतं, कारण परीक्षेला कुणी बसवलंच नव्हतं. फाट्यावर मोठं पोस्टर लागलं. चार लेकरांचे फोटो, वर पुढाऱ्यांचे त्याहून मोठे फोटो, आणि मध्ये ठळक अक्षरं: 'हरणवाडी क्लासचे घवघवीत यश.' जिल्हा परिषद शाळेचं नाव कुठेच नव्हतं. बाईंनी पोस्टरखाली उभं राहून ते दोनदा वाचलं. कोपऱ्यात छापखान्याचंसुद्धा नाव होतं.

त्याच आठवड्यात किशनराव शाळेत आले. हातात पेढ्याचा बॉक्स आणि ऋतुजाचा दाखला काढायचा अर्ज.

"काका, हे काय?"

"व्हॅनला लावतो म्हणलं तिला. दिवसभर इंग्लिश होईल. अन् पाचला आली की तुमचा क्लास हायच."

बाई खुर्चीतून उठल्या. "क्लास फक्त हजेरीवरच्या लेकरांना आहे. आणि क्लासमध्ये काय वेगळं शिकवतो आम्ही? जे दिवसा शाळेत शिकवतो तेच! तीच मी, तेच सर, तीच खोली, तोच फळा!"

किशनरावांना बाईंची खरंच कीव आली. समजावून सांगावं तसे ते म्हणाले, "बाई, तुम्ही लई चांगल्या हाव, म्हणून तुम्हाला वाटायलंय तसं. पण शाळा चांगली असती, तर तुम्हाला क्लास कामून घ्यावा लागला असता?"

एकवीस वर्षांत अनेकांना त्यांनी तोंडावर गप्प केलं होतं. आज त्यांच्यापुढे पेढे ठेवून एक सज्जन माणूस त्यांनाच गप्प करून गेला, आणि त्याच्या म्हणण्यात कुठे बोट ठेवावं हेच त्यांना सापडेना. दाखला द्यावा लागतो, अडवता येत नाही. त्यांनी सही केली.

तरी अट त्यांनी सोडली नव्हती. ऋतुजा व्हॅनमधून उतरली आणि क्लासला आली, तेव्हा अनस सरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोरगी खिडकीशी. टाय बाजूला फेकलेला, पायाखाली विटा रचलेल्या, वही खिडकीच्या कट्ट्यावर, आणि आतलं सगळं उतरवून घेतेय. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, तरी तिथेच. वही भिजू नये म्हणून तिनं ती फ्रॉकखाली धरली होती आणि नुसती ऐकत होती. या पोरीचा हात धरून बाईंनी तिला पहिलीत 'अ' गिरवायला शिकवलं होतं. त्या पाच मिनिटं फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग ओरडल्या, "आत ये, गधडे! तुझ्या बापाला काही अक्कल नाही, तुझ्या आजाला नाही, त्यात तुझा काय दोष?"

एकीला घेतलं की दुसरीला नाही कसं म्हणणार? आणि गावाला तर तेवढंच बघायचं होतं. दाखला काढला तरी क्लास सुटत नाही, हे कळल्यावर अर्जांची रीघ लागली. दिवसा व्हॅन, संध्याकाळी बाई. दोन्हीकडून फायदा. प्रत्येक जण अर्ज देताना अदबीनं विचारायचा, "क्लास चालू ऱ्हाईल ना, बाई?" एकानं तर सुचवलं की क्लासचा टाइम अर्धा तास पुढं घ्या, व्हॅनला कधी कधी उशीर होतो. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पेन तिथेच विसरून गेला.

बाई आणि अनस सर घरोघर फिरले. तांड्यावर गेले, वीटभट्टीवर गेले, ऊसतोडीला निघालेल्या बिऱ्हाडांना हातापाया पडून थांबवायला गेले. लोकांनी चहा पाजला. कौतुक केलं. "तुमच्यासारख्या बाई न्हाईत," असं प्रत्येकानं सांगितलं. लेकरू मात्र कुणी दिलं नाही.

तीस सप्टेंबर सोमवारी आला. भूकंपाला त्या दिवशी वीस वर्षं झाली होती. सकाळी लेकरांना रांगेत उभं करून बाईंनी गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायला लावली. मग हजेरी मोजली. सत्तावन्न. पुन्हा मोजली. सत्तावन्नच. आकडा लिहून सही केली आणि शिक्का मारला. अनस सर बाजूला उभे होते. त्यांनी तिसरीच्या वर्गात जाऊन फळा पुसला आणि भागाकाराचं नवं उदाहरण मांडलं.

दिवसभर बाईंच्या डोक्यात एकच घण चालू होता. क्लास बंद. आजपासून, आत्तापासून. ज्याला शिकायचंय त्यानं शाळेत यावं. आपण शिकवतो, आणि आपल्याच शिकवण्यानं आपली शाळा मरते, हे पाहत बसण्याइतक्या आपण मूर्ख नाही. सरजाबाईंना त्यांनी तसं सांगितलं. सरजाबाई म्हणाल्या, "करा बाई, बंदच करा," आणि डोळ्याला पदर लावला, कारण अनस सरांना त्या रोज खिचडीतली खरवड काढून ठेवायच्या.

पाच वाजता व्हॅन आली. आता ती फाट्यावर थांबत नव्हती, सरळ शाळेच्या फाटकात यायची. ड्रायव्हरलाच सोयीचं पडायचं. दुसरी व्हॅनही आली. टायवाली, बूटवाली लेकरं भराभरा उतरली, फाटकाशी बूट काढले, हापशावर हात धुतले आणि वर्गात येऊन आपल्या जुन्या जागेवर बसली. शाळेची लेकरं आधीच बसलेली होती. बाई दारात उभ्या राहून मोजत होत्या. सवयच ती. चौऱ्याहत्तर.

चौऱ्याहत्तर! बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं हे त्या नंतर सगळ्यांना सांगत राहिल्या.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या. लेकरं आधीच गप्प होती. "नीट ऐका. उद्यापासून हा क्लास बंद. घरी जाऊन आई-बापाला सांगायचं. कुणी यायचं नाही."

पहिल्या बाकावरच्या एकाला वाटलं बाई गंमत करतायत, ते हसलं, आणि बाईंचं तोंड बघून थांबलं. मग मधल्या रांगेतून ऋतुजा उभी राहिली. पोरगी आता तिसरीत होती, पुढचे दोन दात नवे आलेले.

"बाई, मग आम्ही शिकायचं कधी?"

बाई तिच्याजवळ गेल्या. तिचा टाय सरळ केला, का केला कुणास ठाऊक. म्हणाल्या, "सकाळी दहाला, बाळा. इथंच. याच खोलीत. सकाळी दहा ते पाच मी हेच शिकवते. तुला माहीत आहे ना? मग दहाला यायचं."

ऋतुजानं खरंच विचार केला. कपाळाला आठी घालून, भागाकार करताना करायची तसा.

"पण बाई," ती म्हणाली, "तेव्हा तर आमची शाळा असती."